आमच्या संगणकाचा ताप

आमच्या संगणकाला ताप चढायला लागला तेव्हा घरात खरं आजारी दुसरंच कुणीतरी होतं. आजारी होते माझे सासरे, आप्पा. पण ते स्वतःला आजारी मानायला तयार नव्हते आणि संगणक तर उघड उघड कण्हत होता. त्यामुळे सगळी सेवाशुश्रूषा संगणकाच्या वाट्याला आली.

आप्पांनी सगळी हयात कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात घालवली. त्यांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतं, ऑपरेशन करून झडप शिवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तपासणीची फिल्म उजेडाकडे धरून पाहिली आणि परत दिली. त्यांचं म्हणणं असं, की यात ढगाशिवाय काहीच दिसत नाही आणि नुसत्या ढगावरून त्यांनी आजवर एकही मशीन खोललेलं नाही. मग दम का लागतो? जिन्याच्या पायऱ्या चुकीच्या उंचीच्या बांधल्यात म्हणून.

माझी बायको डॉक्टरी पुस्तकांसाठी शरीराची चित्रं काढते. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर रडली असती, रुसली असती, जेवण सोडलं असतं. हिने हॉस्पिटलात जाऊन बापाच्या हृदयाच्या सगळ्या तपासण्या संगणकात भरून आणल्या आणि जाहीर केलं, की त्यांना बघायचंच आहे ना, मग मी त्यांचं हृदय चालू स्थितीत दाखवते. चारी बाजूंनी. आतूनसुद्धा.

हे बोलायला सोपं होतं. पण हृदयाचा एक ठोका पडद्यावर नीट दिसायचा तर त्याची ढीगभर चित्रं लागतात, आणि एकेक चित्र तयार करताना आमचा संगणक विचारात गढून जायचा. काम कधी पुरं होईल याचा अंदाज त्यानेच खाली कोपऱ्यात लिहिला होता, आणि डॉक्टरांनी निर्णयासाठी दिलेली तारीख त्याच्या बरीच अलीकडे होती.

इथे मी पुढे झालो. होऊ नये तिथे पुढे होणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे.

संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं, आणि त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मी ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून शिकलो होतो. इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी वजनमापं खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासणं, त्यांना शिक्का मारणं आणि शिक्का तोडणाऱ्यावर खटला भरणं हे माझं काम. अशा माणसाने घरी बसून एका कारखान्याने ठरवून दिलेलं माप बिनदिक्कत वाढवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या मापात पाप शोधणाऱ्याला स्वतःचं पाप दिसत नाही ते असं.

पहिला अर्धा तास मात्र स्वर्गीय होता. चित्रं भराभर तयार व्हायला लागली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत लग्नानंतर क्वचितच दिसलेलं कौतुक होतं. मी सहज म्हणून तापमान दाखवणारा आकडा उघडला. तो शंभराला टेकत होता.

मी थक्क झालो. बोटाच्या नखापेक्षा थोडाच मोठा तो तुकडा. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तो काही उचलत नाही, ढकलत नाही. तो फक्त विचार करतो, आणि नुसत्या विचाराने त्याच्यावर चहाचं आधण उकळेल इतका तापतो. मी आयुष्यभर विचार करत आलो, पण माझं कपाळ कधी कोमटसुद्धा झालं नाही. मी भक्तिभावाने त्या खोक्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात पंख्याने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि पडदा काळा झाला. जीव वाचवायला त्याने स्वतःच स्वतःला बंद केलं होतं.

तिथून पुढे आमचं घर हे घर राहिलं नाही. सगळ्यात आधी आप्पांनी निदान केलं. पंख्याचा आवाज ऐकून त्यांनी सांगितलं, की बेअरिंग कोरडं पडलंय, तेल घाला. मी म्हटलं, संगणकाच्या पंख्यात तेल घालत नाहीत. ते म्हणाले, म्हणूनच तो ओरडतो. मी ऑफिसला गेल्यावर त्यांनी शिवणाच्या मशीनचं तेल घातलं, आणि तेल घालण्यात त्यांचा हात कायम सढळ. पंख्याने ते घरात सर्वत्र समान वाटलं. भिंतीवर एक नाजूक नक्षी उमटली, ती अजून आहे.

मग खालच्या मजल्यावरचे बर्फवाले काका आले. काकांचा बर्फाचा कारखाना होता. तो विकूनही त्यांना आता बराच काळ लोटला, पण जगातल्या कुठल्याही अडचणीवर बर्फ हाच उपाय आहे हा विश्वास त्यांनी विकला नव्हता. ते आले ते बादली घेऊनच. बादलीत बर्फ, बादलीमागे टेबलफॅन, पुढे संगणक, अशी त्यांनी मांडणी केली, आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून तापमानाचा आकडा बघायला बसलो. तो उतरायला लागला. काकांनी मिशीवरून हात फिरवला. आप्पांनी मान डोलावली. पण त्या गार, ओल्या वाऱ्याने खोक्याच्या पत्र्याला बारीक घाम फुटला. बायकोने चित्रांची कात्रणं भिंतीला चिकटवलेली होती, ती एकेक करून माना टाकायला लागली. आधी यकृत गळून पडलं, पाठोपाठ दोन्ही मूत्रपिंडं. घामाचा एक थेंब संगणकाच्या बटणावर पडताना बघून तिने उठून पंख्याची पिन काढली. काकांनी बादली उचलली आणि जाताना सांगितलं, की उपाय बरोबर होता, बर्फ हल्लीचा चांगला नव्हता.

मी पुन्हा व्हिडिओंकडे वळलो. तिथे एक थोर गृहस्थ सांगत होते, की गरम हवा खोलीतच फिरत राहिली तर काहीही करा, फुकट आहे. हे मला पटलं. हवा बाहेर गेली पाहिजे. त्यासाठी भिंतीला वाटीएवढं भोक पाडायचं, त्यातून नळी काढायची, बस्स. पण भिंत पडली इमारतीची बाहेरची, आणि इमारत पडली सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांची. म्हणजे मालकी आम्हा सगळ्यांची, पण इमारत त्यांची.

सेक्रेटरीसाहेबांनी माझा अर्ज उभ्यानेच वाचला आणि मला बसायला सांगितलं. त्यावरून प्रकरण लांबणार हे मी ओळखलं, मीही सरकारी माणूस आहे. त्यांनी शांतपणे विचारलं,

"भोकाची मालकी कुणाची राहील?"

मी म्हटलं, भोकाला कसली मालकी? ते म्हणजे जिथे काही नाही अशी जागा. त्यावर त्यांनी मला समजावलं, की भिंतीची आतली बाजू माझी आणि बाहेरची सर्वांची. तेव्हा अर्ध्या भोकाला माझी संमती पुरेल, उरलेल्या अर्ध्याला कमिटीचा ठराव लागेल. शिवाय त्यातून जी हवा बाहेर पडेल ती गरम असणार, म्हणजे वरच्या मजल्याची हरकत नाही असं पत्र हवं. आणि भोक पुढे कधी बुजवायचं झालं तर ते कुणी बुजवायचं, याचाही विचार आत्ताच झालेला बरा.  मी स्वतः कित्येक दुकानदारांना तराजूच्या एका काट्यासाठी वर्षभर फिरवलंय. पण आपल्याच विद्येत आपल्याहून पोचलेला माणूस भेटला की राग येत नाही, हात जोडावेसे वाटतात. कमिटीचे सभासद रविवारी येऊन नियोजित भोकाची पाहणी करतील असं ठरलं.

तोवर हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी बाजारात जाऊन सगळ्यात मोठा कूलर घेऊन आलो. प्रोसेसरवर बसवायचा हा पत्र्याच्या पात्यांचा मनोरा इतका उंच होता, की आप्पांनी आधी विचारलं, यात संगणक कुठून घालायचा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक लेप लावावा लागतो. तो किती लावावा यावर जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो वाटाण्याएवढा, दुसरा म्हणतो सगळीकडे पसरून, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. मी दोघांचंही मन राखलं. एक वाटाणा ठेवला आणि पसरला, मग कमी वाटला म्हणून दुसरा ठेवला. मनोरा बसवला, स्क्रू आवळले, आणि घरातल्या सगळ्यांना आणि काकांनाही बोलावून बटण दाबलं.

तापमान पहिल्यापेक्षा लवकर चढलं आणि पडदा पहिल्यापेक्षा लवकर काळा झाला.

बर्फवाले काका बादली आणायला निघाले, त्यांना मी थांबवलं. कूलर खराब निघाला, कंपनीने फसवलं, असं मी म्हटलं. फसवणूक ओळखणं माझा पेशाच आहे, आणि खटला कुठल्या कलमाखाली बसेल हेही मी सांगायला लागलो होतो. बायकोने तोवर स्क्रू काढून मनोरा उलटा केला होता. बुडाला एक पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद चिकटलेला होता, आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, की बसवण्यापूर्वी हा कागद काढावा. तिने तो नखाने सोलून काढला आणि टेबलावर ठेवला.   आप्पांनीच तो कागद हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "जावईबापू, हे मात्र स्वच्छ दिसतंय."

कागद काढल्यावर ताप उतरला, नाही असं नाही. पण मी वेग इतका वाढवून ठेवला होता, की काम रंगात आलं की आकडा पुन्हा चढायचा आणि संगणक पुन्हा डोळे मिटायचा. अर्धवट राहिलेलं चित्र पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. माझ्या पळवण्यामुळे काम पुढे सरकत नव्हतं, उलट जिथल्या तिथे धावत होतं. हे मला कळत होतं, पण मान्य करायचं तर भिंतीला भोक पाडण्यापर्यंत गेलेला माझा लौकिक आड येत होता.

त्या आठवड्यात एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो. आमच्या मजल्याच्या जरा खाली, जिन्याच्या वळणावर, आप्पा पायरीवर बसले होते. एक हात कठड्यावर, भाजीची पिशवी बाजूला कलंडलेली. मला बघून ते म्हणाले, की भिंतीचा रंग बघतोय, काम चांगलं केलंय. एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं बराच वेळ भिंतीचा रंग बघत होतो. मग त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही एकेक पायरी करत वर आलो. घरात शिरताना त्यांनी हळूच बजावलं, की पोरीला सांगू नका.

मी सांगितलं. बायकोने हातातलं काम टाकलं. मग ती संगणकासमोर बसली, मी वाढवलेला वेग तिने पूर्ववत केला, वर थोडी वीजही कमी केली, आणि म्हणाली,

"त्याला त्याच्या चालीने चालू द्या. आपण काम कमी करू."

तिने सगळं हृदय दाखवायचा नाद सोडला. फक्त ती एक झडप आणि तिच्या आजूबाजूचा भाग ठेवला, चित्रं जरा लहान केली. पंख्याचा आवाज बसला. तापमानाचा आकडा खाली आला आणि एका जागी ठरला, एखादं मूल रडून रडून झोपावं तसा. मी तिथेच उभा होतो. एवढे दिवस मी जी गोष्ट बर्फाने, लोखंडाने आणि कमिटीच्या ठरावाने साधायला निघालो होतो, ती हिने एक पाऊल मागे घेऊन साधली होती. माझा अपमान व्हायला हवा होता. पण त्या शांत झालेल्या खोलीत मला तेवढी सवड झाली नाही.

काम रविवारी दुपारी पुरं झालं. नेमके त्याच वेळी सेक्रेटरीसाहेब भोकाच्या पाहणीसाठी आले, हातात मोजपट्टी. त्यांच्यासोबत साक्षीदार म्हणून बर्फवाले काका. मी सांगितलं, की भोक आता नको. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, अर्ज मागे घ्यायचा तर वेगळा अर्ज लागेल. इतक्यात बायकोने आप्पांची खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि बटण दाबलं, आणि सेक्रेटरीसाहेबांचं वाक्य तिथेच राहिलं.

पडद्यावर अंधार होता. त्या अंधारात काहीतरी उघडलं, आणि मिटलं. दोन पातळ पाकळ्या, वाऱ्यावरच्या पडद्यासारख्या, खालून बारीक दोऱ्यांनी धरून ठेवलेल्या. त्या उघडल्या की रक्त आत लोटायचं, आणि मिटल्या की सगळं घट्ट बंद. पुन्हा उघडल्या. पुन्हा मिटल्या. पण एका बाजूला एक दोरी तुटलेली होती. तिथली पाकळी मिटताना मागे उलटून जायची, आणि त्या फटीतून एक लाल धार सुसाट उलटी फिरायची. प्रत्येक ठोक्याला. मी या चित्रांसाठी इतकी मरमर केली होती, आणि त्यांतून हे काय तयार होतंय याची मला कल्पनाच नव्हती.

 सेक्रेटरीसाहेबांच्या हातातली मोजपट्टी आपोआप गुंडाळली गेली, आणि दुसरा हात त्यांच्याही नकळत छातीवर गेला होता. काका तोंड उघडं ठेवून उभे होते.

आप्पा पुढे वाकले. त्यांनी ती तुटलेली दोरी पाहिली, धार पाहिली, पुन्हा दोरी पाहिली. मग त्यांनी बोटाने पडद्यावर ठोक्याबरोबर हलकेच ताल धरला.

"हे माझं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, आप्पा."

"कधीपासून चालू आहे हे?"

"तुमच्या जन्माच्याही आधीपासून."

"मध्ये कधी बंद?"

"कधीच नाही."

आप्पा खुर्चीला टेकले. गिरणीतल्या सर्वोत्तम मागालाही रात्रपाळीनंतर तास दोन तास सुट्टी द्यावी लागायची, असं ते म्हणाले, पण आमच्याशी नाही, त्या पडद्याशी. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं ते घाबरले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पहिल्यांदा गिरणीत पाऊल टाकलेला पोरगा शेकडो माग एकदम चालताना बघून जसा उभा राहील, तसे ते दिसत होते. शेवटी डोळे पुसून ते मुलीला म्हणाले,

"एवढ्या मोलाच्या मशीनकडे मी दुर्लक्ष करतोय होय? आण ते कागद. सही करतो."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून होतो. बर्फवाले काका आले होते, रिकाम्या हाताने. सेक्रेटरीसाहेबही आले होते, आणि त्यांनी त्या दिवशी कुणालाही कुठलाही नियम सांगितला नाही. भिंतीवरचं घड्याळ माझ्या खात्याने तपासलेलं नसावं, फार हळू चाललं होतं. बायको माझा हात धरून बसली होती, आणि तिच्या मनगटातले ठोके मला माझ्या बोटांत जाणवत होते.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आले, तसे आम्ही उठून उभे राहिलो. झडप शिवली, गळती थांबली, आप्पा ठीक आहेत, असं त्यांनी सांगितलं. बायको खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली. मला मात्र राहवेना. चालू हृदयावर टाके घातलेच कसे, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालू नसतं, थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम बाहेरचं मशीन करतं, आणि हृदयाला बर्फासारखं गार औषध देतात. ते गार होतं आणि थांबतं.

गार. मी काकांकडे पाहिलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला नाही, नुसतेच ऐकत होते.

"मग ते परत सुरू कसं करतात?" मी विचारलं. "बटण असतं का?"

डॉक्टर दमलेले होते, तरी हसले. त्यांनी सांगितलं, की काम झाल्यावर हृदयात पुन्हा गरम रक्त सोडतात आणि बघत राहतात. कधी विजेचा झटका द्यावा लागतो.

"आप्पांना द्यावा लागला?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ऊब लागली, आणि ते आपणहून सुरू झालं. आम्ही सगळे नुसते उभे होतो."